‘अलंवचनीया’ : सुटका आणि पोटगी

भिक्खूने विवाहाची मध्यस्थी करू नये, असे विनयपिटकातील पाचवा संघादिसेस नियम सांगतो. त्याच्या विवेचनाच्या शेवटी एक छोटा प्रसंग नोंदलेला आहे. एक स्त्री पतीशी भांडून माहेरी गेली. त्या कुटुंबात येणे-जाणे असलेल्या भिक्खूने दोघांचा समेट घडविला. मग आपल्या हातून नियमभंग झाला की काय, अशी शंका त्याला आली. तथागतांनी एवढेच विचारले, की ती ‘अलंवचनीया’ होती काय? नव्हती, असे कळताच भिक्खू निर्दोष ठरला. ‘अलं’ म्हणजे ‘पुरे’. जिच्याबाबत तसे म्हटले गेले ती अलंवचनीया, म्हणजे घटस्फोटिता. ‘समन्तपासादिका’ या अट्ठकथेत याचा अर्थ लावताना आचार्य बुद्धघोष जनपदाच्या चालीकडे वळतात. ज्या प्रदेशात ज्या रीतीने त्याग केला असता पत्नीपण संपते, त्या रीतीने सोडलेली स्त्री, असा तो अर्थ आहे.

विवाह हा अतूट संस्कार आहे, ही कल्पना येथे नाही. तो लौकिक संबंध आहे आणि तो संपू शकतो. परंतु त्या ‘पुरे’नंतर स्त्रीच्या अन्नवस्त्राचे काय, हा प्रश्न या प्रसंगात येत नाही, भिक्खूंच्या आचारसंहितेकडून तशी अपेक्षा करणेही रास्त नव्हे. थेरीगाथेतील इसिदासीला तीन पतींनी टाकले, तरी उज्जयिनीत तिच्या पित्याचे संपन्न घर होते. (तिच्या दुःखाचे कारण म्हणून गाथांत पूर्वजन्मीची कर्मे येतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचलेल्या वाचकास ते पटणार नाही; प्रस्तुत लेखकासही पटत नाही.) जिचा बापच रोजंदारीवर जगतो, तिने कोठे जावे?

मराठी मुलखातील श्रमिक जातींत काडीमोड आणि सोडचिठ्ठी यांची चाल जुनी आहे. पंचांसमोर काडी मोडली की संबंध तुटे आणि स्त्रीला पाट लावता येई. शूद्र मानल्या गेलेल्या सुमारे ९० टक्के समाजात घटस्फोटाची रूढी आहेच, हे बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलावरील चर्चेत विरोधकांना ठणकावून सांगितले होते. ते खरेच होते. मात्र या रूढीचे कौतुक करताना तिची दुसरी बाजू नजरेआड होते. काडी मोडल्याने सुटका मिळे. दरमहा पोटगी देण्याचे बंधन त्या काडीत नव्हते. अनेक जातींत सुटका मागणाऱ्या स्त्रीकडूनच लग्नखर्चाची भरपाई घेतली जाई.

कायदा आला तोही हद्दी पाहून. मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदू घटस्फोट कायदा केला. बार्शी त्या प्रांतात होती. तेथून हाकेच्या अंतरावरचा उस्मानाबाद जिल्हा, २०२३ पासून ज्याचे अधिकृत नाव धाराशिव आहे, तो निजामाच्या राज्यात होता. एकाच भाषेच्या, सोयरिकीने बांधलेल्या दोन गावांतील लेकींना दोन न्याय. कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, आणि हिंदू विवाह अधिनियम १८ मे १९५५ रोजी अमलात आला. तो बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या २४व्या कलमाने दावा चालू असताना आणि २५व्या कलमाने निकालानंतर पोटगी मागता येते.

रूढीने होणारा घटस्फोट या अधिनियमाच्या २९व्या कलमाने राखून ठेवला. पण न्यायालयात ती रूढी सिद्ध करावी लागते. येथेच आपल्या समाजाने सावध व्हावयास हवे. स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेण्याची पद्धत अजून आढळते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जात सोडलेल्यांनी जातपंचायतीची काडी कोणत्या आधाराने मोडावी? धोका केवळ तात्त्विक नाही. पहिला विवाह कायद्याने संपला नसेल, तर दुसरीस पोटगीसाठी ‘पत्नी’ मानता येत नाही, असा निर्णय १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात दिला. पहिला विवाह लपवून फसविलेल्या स्त्रीस २०१३ साली त्याच न्यायालयाने दिलासा दिला, एवढेच.

फौजदारी संहितेतील पोटगीची कमाल मर्यादा १९५५ साली दरमहा १०० रुपयांवरून ५०० झाली. केंद्रीय संहितेत हा आकडा २००१ पर्यंत तसाच राहिला. त्या वर्षी मर्यादाच काढून टाकण्यात आली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४व्या कलमात आहे. घटस्फोटितेलाही, पुनर्विवाह होईपर्यंत, तिचा आधार घेता येतो. पोटगी व घटस्फोटाच्या दाव्यांत स्त्रियांना महाराष्ट्र शासनाने १९९४ साली न्यायालयीन शुल्क माफ केले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. २००३च्या दुरुस्तीनंतर ती राहते तेथील न्यायालयात घटस्फोटाचा अर्जही करता येतो. त्याआधी तिला लग्न लागलेल्या, दोघांचे शेवटचे एकत्र वास्तव्य असलेल्या किंवा पती राहत असलेल्या ठिकाणी जावे लागे, आणि एस. टी.चे भाडे व बुडालेली मजुरी हाच तिच्या दाव्याचा मोठा खर्च असे. २०२० पासून दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते. ‘मला काम नाही’ एवढे तोंडी सांगून पतीला निसटणे त्यामुळे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

पोटगीचा आदेश मिळूनही रक्कम थकली, तर वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत करावा लागतो. कळंब, वाशी, भूम या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीचे त्यातील निम्मे वर्ष फडावरच जाते.