आकाशाचें चित्र आणि त्याचा इतिहास

ज्योतिषशास्त्राचा इतिहास सांगतांना आपण बहुधा दुर्बिणीपाशींच थांबतों. परंतु रेडिओ-दुर्बिणीच्या बाबतींत तेथें थांबून चालत नाहीं. कारण तिच्यांतून चित्र निघतच नाहीं. दूरदूर मांडलेल्या तबकड्यांवर आलेल्या लहरींची जोडीजोडीनें तुलना होऊन आंकड्यांची एक रास हातीं येते. चित्र तींतून गणितानें घडवावें लागतें.

अमेरिकेंत न्यू मेक्सिकोच्या पठारावर 25 मीटर व्यासाच्या 27 तबकड्यांची 'व्हेरी लार्ज ॲरे' ही दुर्बीण 1980 सालीं रीतसर सुरू झाली. तिच्या आंकड्यांच्या पृथक्करणाकरितां शार्लट्सव्हिल येथें 'एप्स' ही संगणक-प्रणाली रचण्यास 1978 पासूनच आरंभ झाला होता. ती सुरू करण्याची रीत अगदीं साधी आहे. पडद्यावर तिचें नांव टंकित करावें. ती आपला क्रमांक विचारते. तो दिला कीं एक लहानसें चिन्ह उमटतें व आज्ञेची वाट पाहूं लागते. मग कार्याचें नांव द्यावें, त्यास लागणारीं मूल्यें तपासून पालटावीं आणि 'गो' ही आज्ञा द्यावी.

पुढें मात्र माणसाची कसोटी लागते. तबकड्यांमध्यें मोकळी जागा असल्यामुळें चित्रांत खोटे पट्टे उत्पन्न होतात. स्वीडिश ज्योतिर्विद यान ह्योगबॉम यांनीं 1974 सालीं प्रसिद्ध केलेल्या 'क्लीन' पद्धतीनें ते क्रमाक्रमानें वजा करतां येतात. पण खरा प्रकाश कोठें शोधावा ह्याची चौकट चित्राकडे पाहून अभ्यासकच आंखतो, आणि केव्हां थांबावें हेंही तोच ठरवितो. चौकट चुकली तर नसलेली वस्तु आकाशांत दिसूं शकते.

ह्या धोक्यास एप्समध्यें एक मोठा आधार आहे. प्रत्येक आंकडेराशीस एक टिपणवही जोडलेली असते व तिचें नांवच 'हिस्टरी' आहे. कोणतें कार्य कोणत्या मूल्यांनीं केलें, हें तींत आपोआप नोंदलें जातें. आज्ञा शब्दांत दिलेली असल्यानें दुसऱ्यालाही ती पुन्हां देऊन पडताळा घेतां येतो. आमच्या पुणें जिल्ह्यांत खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभ्या राहिलेल्या 30 तबकड्यांच्या 'जीएमआरटी' दुर्बिणीचे आंकडेही अनेक अभ्यासकांनीं ह्याच प्रणालींत पारखले. 'कासा' ही नवी प्रणाली आल्यावरही एप्सचा वापर थांबला नाहीं.

अर्थात् टिपणवही कृति सांगते, त्या कृतीमागील हेतु सांगत नाहीं; तो अभ्यासकानेंच प्रामाणिकपणें लिहावयाचा असतो. आकाशाचें सुंदर चित्र पाहिल्यावर 'हें कसें घडविलें?' असें आपणही अवश्य विचारावें. त्याचें उत्तर देतां येणें, हेंच त्या चित्रावर विश्वास ठेवण्याचें कारण होय.