मालवणला स्नॉर्कलिंग करायचंय? जाण्याआधी हे वाचा

शिरूर अनंतपाळ : सोयाबीनची रास झाली, दिवाळीची सुट्टी लागली की तालुक्यातून कोकणात गाड्या निघतात. मालवणच्या किनाऱ्यावर उतरलं की पहिला प्रश्न येतो, 'स्नॉर्कलिंग करणार का?' हे नेमकं काय, कुठं चालतं आणि काय सांभाळायचं, याची ही माहिती.

स्नॉर्कलिंग म्हणजे काय?
डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात नळी आणि अंगात लाइफ जॅकेट घालून पाण्यावर पालथं तरंगायचं. नळीचं वरचं टोक पाण्याबाहेर राहतं, त्यामुळं श्वास तोंडानं घेता येतो आणि खालचे मासे दिसतात. पाठीवर सिलिंडर बांधून खोल जातात ते स्कुबा, ते वेगळं.

जागा कोणती?
सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, म्हणजे २ हजार ९१२ हेक्टर. त्यातला ३१८ हेक्टर गाभा भाग. मासेमारीवर बंधनं येतील या भीतीनं स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला होता. खडकांवर इथं पोवळी आहेत. पोवळं दगडासारखं दिसतं, पण तो जिवंत प्राणी आहे. गोल गोट्यासारखी पोवळी वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात. एक पाय पडला तर कित्येक वर्षांची वाढ मोडते.

कधी जावं?
मे अखेर ते ऑगस्ट अखेर समुद्र खवळलेला असतो, जलपर्यटन बंद असतं. पावसाळ्यानंतर गढूळपणा बसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात नितळ.

व्हिडिओतलं मोठं पाकट कुठलं?
पंखासारखे कल्ले हलवत पोहणाऱ्या मांटा नावाच्या पाकटांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. मालवणची फेरी त्यासाठी नसते. मांटासाठी प्रसिद्ध जागा म्हणजे मालदीवमधली हनिफारू खाडी. मृगात आपण ज्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांची वाट पाहतो, त्याच वाऱ्यांच्या हंगामात भरतीचा प्रवाह या खाडीत सूक्ष्म जीव लोटतो. ते खायला मांटा येतात, कधी शंभरावर. त्यांच्या शेपटीला विषारी काटा नसतो.
ही खाडी २००९ पासून संरक्षित आहे. तिथं स्कुबा बंद, फक्त स्नॉर्कलिंग. एका वेळी ८० माणसं, ४५ मिनिटं, सोबत परवानाधारक गाइड आणि हात लावायचा नाही. मांटाची मादी साधारण वर्षभराच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू देते. त्यामुळं संख्या एकदा घटली की लवकर भरून निघत नाही. माणसांवर मर्यादा ठेवली म्हणून जागा टिकली आणि तिथल्या लोकांचा रोजगारही टिकला. मालवणच्या पोवळ्यांनाही हेच लागू आहे.

पाण्यात उतरण्याआधी
• बोटीला मेरीटाइम बोर्डाचा परवाना आहे का, ते विचारा. जास्त माणसं भरली असतील तर चढू नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला.
• लाइफ जॅकेट बोटीत चढतानाच घाला, पट्टे आवळून घ्या.
• पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांनीही जॅकेट काढू नये. विहिरीत लाट नसते, ओढ नसते.
• दम्याचा, हृदयाचा किंवा फिटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा. दारू पिऊन उतरू नका.
• नळीचा सराव कमरेएवढ्या पाण्यात करा. नळीत पाणी गेलं तर जोरात फुंकर मारा, घाबरून मास्क ओढू नका.
• पोवळ्यावर उभं राहू नका. माशांना बिस्किटं, पाव टाकू नका. पोवळ्याचा तुकडा घरी आणणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

कसं जावं?
लातूर, सोलापूर, कोल्हापूर आणि पुढं फोंडा घाटानं कणकवली, तिथून मालवण. रेल्वेनं जायचं तर कोकण रेल्वेचं कुडाळ किंवा कणकवली स्थानक. अंतर मोठं आहे. रात्रभर गाडी चालवून आलेल्यानं त्याच सकाळी पाण्यात उतरू नये, एक दिवस आराम करावा.