दिवाणखाना ते हॉल : आपल्या बैठकीच्या खोलीची गोष्ट

स्मरणिका समितीने मला खरं म्हणजे 'संस्थेचा पंचवीस वर्षांचा आर्थिक आढावा' लिहायला सांगितलं होतं. बँकेत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार! पण तो आढावा दरवर्षी ऑडिट रिपोर्टात येतोच, आणि तो किती जण वाचतात हे आपल्या वार्षिक सभेचा कोरम पाहून सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा सेक्रेटरींची परवानगी काढून मी विषय बदलला. सध्या आपल्या दोन्ही विंगमध्ये ड्रिल मशीनचा आवाज थांबत नाही. पंचवीस वर्षांनी घरं नव्याने सजू लागली आहेत, आणि लिफ्टमध्ये तरुण मंडळींच्या तोंडी 'आमची स्टाईल अजून ठरत नाहीये' हे वाक्य दोन-तीनदा ऐकलं. मनात आलं, आपल्या आधीच्यांची कशी ठरली होती, ते तरी पाहू.

सुरुवात शब्दापासून करू. दिवाणखाना हा शब्द फारसीतून आला. दिवाण म्हणजे दरबार, कचेरी. म्हणजे ही खोली मुळात घरच्यांसाठी नव्हतीच. बाहेरून येणाऱ्यांसाठी होती. देणी-घेणी, निवाडे, मसलती तिथे व्हायच्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा अजून उभा आहे, सहलीला गेलात तर जरूर पाहा. भिंतींवर चित्रं, लाकडावर कोरीवकाम, आणि सामान म्हणाल तर जवळजवळ नाहीच. बैठक जमिनीवर, पाठीला लोड, हाताशी तक्क्या. सजावट होती ती सुताराने घर बांधतानाच करून ठेवलेली. वस्तू ठेवायला कोनाडा, कपडे टांगायला खुंटी, मौल्यवान काही असेल तर भिंतीतलं फडताळ. आज ज्याला 'बिल्ट-इन स्टोरेज' म्हणून दर चौरस फुटाने पैसे घेतात, ते हेच.

घरच्या माणसांचं जगणं मात्र माजघरात आणि स्वयंपाकघरात. बायकांना दिवाणखान्यात यायची वेळ क्वचितच यायची. हे विसरून वाड्याच्या आठवणी काढणाऱ्यांचं मला नवल वाटतं. वाड्याची शोभा खरी, पण ती कोणाच्या वाट्याला यायची हेही पाहायला हवं.

पुढे याच वाड्यांत भाडेकरू आले. पुण्याच्या पेठांत एकेका वाड्याचे दहा-बारा संसार झाले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्तीतून हात काढून घेतला. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दिवाणखाना कुठला? 'बाहेरची खोली' आणि 'आतली खोली', एवढीच भाषा उरली. माझ्या पिढीतले बहुतेक जण या बाहेरच्या खोलीत वाढलेले.

मुंबईत तर दोन खोल्याही चैन होती. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या, एकूण २०७ इमारती. खोली १६० चौरस फुटांची. त्या १६० फुटांत आठ-दहा माणसं राहात. अशा खोलीची सजावट कशी करणार? तर ती खोली दिवसातून चार वेळा बदलायची. सकाळी स्वयंपाकघर, दुपारी शिवणाचं मशीन, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, रात्री वळकट्या सोडल्या की झोपायची खोली. ट्रंकेवर चादर घातली की बसायला जागा. जुन्या पातळाचा पडदा लावला की खोलीची दोन दालनं. पोटमाळा नसेल तर फळ्या ठोकून केलेला. डिझायनर लोक आज ज्याला 'मल्टिपर्पज' म्हणतात त्याची डॉक्टरेट त्या बायकांना द्यायला हरकत नव्हती.

भिंत मात्र रिकामी नसे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी, सरस्वती रंगीत होऊन घरोघर आल्या. त्याआधी असं तैलचित्र संस्थानिकांच्या महालात. आता ते शाळामास्तराच्या खोलीत. शेजारी फ्रेममध्ये आजोबांचा फोटो, लेकीने शाळेत भरलेलं पोपटाचं भरतकाम आणि वाण्याने दिलेलं कॅलेंडर. १९७३ पासून त्या खिळ्यावर कालनिर्णय आलं ते अजून आहे. तुमचा हॉल कितीही इटालियन असो, दार उघडून बघा, स्वयंपाकघराच्या भिंतीवर ते असणारच.

फ्लॅट ही कल्पना आपल्याकडे सहकारातून आली, हे आपल्या स्मरणिकेत नोंदवलंच पाहिजे. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ मध्ये सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. पुढे तीसच्या दशकात मरीन ड्राइव्हच्या, शिवाजी पार्कच्या इमारती आल्या. गोल कोपऱ्याच्या बाल्कन्या, लोखंडी नक्षीचे जिने, रंगीत फरशा. फरशीचीही एक गोष्ट आहे. परदेशी टाइल्सऐवजी देशी हव्यात म्हणून स्वदेशीच्या भरात १९२२ मध्ये मुंबईत भारत टाइल्स सुरू झाली. जुन्या घरात पायाखाली फुलांची गार फरशी दिसली, तर तिच्यामागे हा इतिहास असू शकतो, एवढं लक्षात ठेवा आणि फोडण्याआधी दोनदा विचार करा.

पुण्यात हा बदल सावकाश आला असता, पण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. नदीकाठच्या पेठांतले वाडे एका दिवसात बसले. माणसं गेली, आणि जी वाचली त्यांच्या घरात पितळी भांड्यांखेरीज फारसं काही उरलं नाही. लाकूड, गाद्या, फोटो, कागद सगळं चिखलात. मग शहराबाहेर माळावर पूरग्रस्तांच्या वसाहती आणि सहकारी संस्था उभ्या राहिल्या. विचार करा, हजारो कुटुंबांना शून्यापासून घर लावायचं होतं आणि खिशात पैसा नव्हता. लोखंडी कॉट, घडीच्या खुर्च्या, एखादं गोदरेजचं कपाट, पत्र्याचे डबे. आपल्याकडचा मध्यमवर्गीय साधेपणा हा नुसता संस्कार नाही, त्यात पुराचा वाटा आहे असं मला नेहमी वाटतं. ज्याने एकदा सगळं वाहून जाताना पाहिलं, तो हलवता येईल असंच सामान घेतो.

१९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याने फ्लॅट घेणाऱ्याला आधार दिला. पण पैसा? तेव्हा घरासाठी कर्ज मिळणं म्हणजे दिव्य. प्रॉव्हिडंट फंड, बायकोचे दागिने आणि एखादा सासरा. १९७७ मध्ये एचडीएफसी निघाली आणि पगारदार माणूस तिशी-चाळिशीत घर घेऊ लागला. आमच्या बँकेत नोकरांना गृहकर्ज होतं, शिवाय फर्निचरसाठी वेगळं. कर्जाच्या तपासणीला मी कितीतरी घरांत गेलो. सगळीकडे तोच सोफा-कम-बेड, तेच सनमायका लावलेलं टीपॉय, तीच शोकेस. कर्जाची मर्यादा एकच, सुतार साधारण एकाच वळणाचे, मग स्टाईलही एकच! लोकांना आवड नव्हती असं नाही. ती आवड क्रोशाच्या रुमालांत, रेडिओवरच्या कव्हरात, मण्यांच्या तोरणांत दिसायची. जिथे पैसा लागत नव्हता तिथे.

त्याच काळातला एक बदल मला सगळ्यात मोठा वाटतो, आणि त्याच्याविषयी फारसं कोणी लिहीत नाही. स्वयंपाकाचा ओटा. गॅस आला आणि जमिनीवर चुलीपुढे, स्टोव्हपुढे बसणारी बाई उभी राहिली. उभं राहिल्यावर तिला खिडकीबाहेरचं दिसू लागलं, बाहेरच्या खोलीतलं बोलणं ऐकू येऊ लागलं, त्यात भागही घेता आला. आज तुम्ही भिंत पाडून 'ओपन किचन' करता, त्याची सुरुवात त्या कडप्प्याच्या ओट्यापासून झाली.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत दूरदर्शन सुरू झालं, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत घराघरांत बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्यांची तोंडं फिरली. आधी त्या एकमेकींकडे बघायच्या, मग सगळ्या एका भिंतीकडे बघू लागल्या. बसायची पद्धत बदलली की बोलायची पद्धत बदलते. पाहुणा आला तरी एक डोळा पडद्यावर.

आता आपल्या इमारतींकडे येतो. या लेखासाठी मी दोन्ही विंगमधल्या एकवीस घरांत जाऊन आलो. (चहा एकवीस वेळा झाला, डॉक्टरांना सांगू नका.) नकाशा सगळ्यांचा एकच, हॉल दहा बाय सोळा. २००० साली आपण राहायला आलो तेव्हा टीव्ही पाठीला मोठं कुबड असलेला होता, म्हणून सगळ्यांनी शोकेस दोन फूट खोल करून घेतली. पुढे टीव्ही चपटा होऊन भिंतीला चिकटला आणि त्या खोल खणांत प्रत्येकाने वेगळंच काही ठेवलं. एका घरात तिथे गणपती बसतो. एका घरात मुलाची बुद्धिबळाची पदकं आहेत, एका घरात मांजर झोपतं. सुताराने सगळ्यांना एकच माप दिलं होतं. पंचवीस वर्षांत राहणाऱ्यांनी ते आपापलं केलं. मला विचाराल तर 'स्टाईल' शोधायची जागा ती. कॅटलॉग उघडण्याआधी आठवडाभर नुसतं बघा, घरात कोण कुठे बसतं, कुठल्या खुर्चीवर कपडे साठतात, संध्याकाळचा उजेड कुठवर येतो. २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला आयकियाचं दुकान निघालं, तिथून आणलेली छान कपाटं मी तीन घरांत पाहिली. तक्रार नाही. पण तिन्ही हॉल मला आता एकसारखे आठवतात, आणि मांजरवाला वेगळा.

नूतनीकरणाबद्दल एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. आपल्या बहुतेक हॉलमध्ये खिडकीखाली एक कॉट होती. तिला कोणी दिवाण म्हणायचं; पाहा, शब्द कुठून कुठे आला! दिवसा त्यावर पाहुणे बसत, रात्री आजी किंवा आजोबा झोपत. डिझायनरच्या नकाशात पहिली फुली या कॉटवर पडते, तिथे एल आकाराचा सोफा येतो. एका घरात असंच झालं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजींना आतली स्वतंत्र खोली दिली, एसीसुद्धा लावला. मुला-सुनेचा हेतू चांगलाच होता. पण खिडकीखालून आजी गेल्या तशा भाजीवाल्याशी बोलणं गेलं, जिन्यातल्या पोरांची हाक गेली, घरी आलेल्यांनी 'काय आजी, कशा आहात' म्हणणं गेलं. त्या काही बोलल्या नाहीत. कमरेइतका उंच, मऊ सोफा त्यांना बसायला आणि उठायलाही जमत नव्हता, एवढंच. दोन महिन्यांनी नातीच्या लक्षात आलं. आता सोफ्याचा आडवा भाग विकून टाकलाय आणि तिथे अडीच फूट रुंदीची, खाली खण असलेली सागवानी कॉट आहे. डिझायनर म्हणाला, रचनेचा तोल गेला. असेल. मी गेलो तेव्हा आजी तिथे बसून वाटाणे सोलत होत्या आणि त्यांच्याशी गप्पा मारायला शेजारचे दोघे आलेले होते.

राहता राहिलं ते हे : महोत्सवाच्या दिवशी क्लब हाउसमध्ये आपल्या हॉलच्या जुन्या फोटोंचं छोटं प्रदर्शन मांडायचं समितीने मान्य केलं आहे. वाढदिवस, साखरपुडा, गणपती, कुठलाही चालेल, मागे खोली दिसली पाहिजे. पाठीमागे पेन्सिलीने साल आणि फ्लॅट नंबर लिहून ऑफिसात द्या. कॉट आणि कुबडवाला टीव्ही असलेले फोटो आधी लावू. सगळे फोटो पावती घेऊन परत मिळतील, ती जबाबदारी माझी.