खंडी, टन आणि कंटेनर : रायगड किनाऱ्यावरील मालमोजणीच्या शब्दांचा इतिहास

पूर्वीचा कुलाबा जिल्हा १९८१ मध्ये रायगड या नावाने ओळखला जाऊ लागला. या जिल्ह्याचा व्यापार दीर्घकाळ खाड्यांच्या आधाराने चालला. पनवेल, धरमतर, रेवदंडा, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांतून मचवे, पडाव व गलबते मुंबईकडे जात आणि त्यांतून प्रामुख्याने भात, तांदूळ, मीठ व जळाऊ लाकूड जाई. या मालाची मोजणी ज्या शब्दांनी होत असे, त्यांच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. हे दुर्लक्ष महागात पडते, कारण जुन्या कागदांतील आकड्यांचा अर्थ या शब्दांवरच अवलंबून असतो.

मोठ्या मालासाठी इंग्रजीत आज रूढ असलेले बहुतेक शब्द परभाषांतून आलेले आहेत. ‘कार्गो’ हा स्पॅनिशमधून, तर ‘फ्रेट’ हा डच व उत्तर जर्मन बोलींतून आला. ‘टन’ हे मुळात दारूच्या मोठ्या पिंपाचे नाव होते. जहाजात अशी किती पिंपे मावतात यावरून जहाजाचा आकार ठरे. सतराव्या-अठराव्या शतकांत पश्चिम किनाऱ्यावर वावरणाऱ्या इंग्रजांनी या शब्दांच्या जोडीला एक शब्द येथून उचलला. तो म्हणजे ‘कँडी’, अर्थात मराठीतील खंडी. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची व्युत्पत्ती मराठी खंडीकडेच नेलेली आहे. पोर्तुगीजांनी त्याचे ‘कांदील’ असे रूप केले होते. १५२१ मध्ये चौलच्या खाडीवर किल्ला बांधणाऱ्या आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हवाली करणाऱ्या या सत्तेला येथील मापांवाचून व्यापार करणे शक्यच नव्हते. पोर्तुगीज व्यवहारातील भारतीय वजनमापांचे एक टिपण अंतोनियो नुनेश याने १५५४ मध्येच तयार केले होते. (गोड ‘कँडी’ हा इंग्रजी शब्द मात्र खांडेवरून, अरबीमार्गे आलेला आहे. दोहोंची सरमिसळ करू नये.)

खंडी म्हणजे वीस मण. परंतु मण किती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणून मुंबईची खंडी ५६० पौंडांची. अशा चार खंडी केल्या की बरोबर २२४० पौंड, म्हणजे एक इंग्रजी टन होतो. हा मेळ इतका नेमका आहे की स्थानिक माप व्यापाराच्या सोयीसाठी इंग्रजी मापाशी जुळवून घेतले गेले असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे. दुसरीकडे सरकारी हिशोबातील मण ८२ पूर्णांक दोन सप्तमांश पौंडांचा होता. मिठाची मोजणी याच मणाने होई.

पेण व उरण येथील मिठागरांच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. १८८२ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपये करण्यात आला. वाचकाने येथे मुंबईचा मण गृहीत धरला, तर कराचा बोजा प्रत्यक्षाच्या जवळजवळ तिप्पट भासेल. उलट, मुंबईच्या मणात दिलेल्या भाताच्या आकड्याला सरकारी मण समजले, तर एखाद्या बंदराचा व्यापार तिप्पट फुगेल. दोन्ही चुका सहज होण्यासारख्या आहेत, कारण कागदावर शब्द एकच असतो.

खंडी वजनाची तशी आकारमानाचीही होती. भात-तांदूळ पायली, फरा अशा मापांनी भरून मोजत आणि गलबताची भारक्षमताही खंडीतच सांगत. येथील माप ढोबळ व इंग्रजी माप काटेकोर, असा समज यावरून करून घेणे मात्र योग्य नाही. टनाचीही हीच गत होती. १८५४ च्या ब्रिटिश नौवहन कायद्यानंतर जहाजाच्या नोंदणीतील टन शंभर घनफुटांचा ठरला, तर कोळसा तोलताना तोच टन २२४० पौंडांचा राहिला. आंग्र्यांच्या आरमारातील गुराबा दीडशे ते तीनशे टनांच्या असल्याचे रॉबर्ट ऑर्म सांगतो. हे आकडे वाचताना त्यातून जहाजाचा आकार समजावा, तोलून पाहिलेले वजन नव्हे.

१९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि मण व खंडी अधिकृत व्यवहारातून गेली. मराठीत ‘टन’ रुजला, पण तोही आता हजार किलोंचा. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन याने ५८ पेट्या जहाजावर चढवून नेवार्क ते ह्यूस्टन अशी वाहतूक केली. न्हावा आणि शेवा या गावांच्या परिसरात २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, ते या पेट्यांसाठीच प्रसिद्धीस आले. तेथील मोजमाप ‘टीईयू’, म्हणजे वीस फुटी पेटीइतके. आत तांदूळ आहे की यंत्रे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. रिकामी पेटीही त्यात एक म्हणूनच धरली जाते. खंडी म्हटल्याबरोबर ‘कशाची?’ हा प्रश्न येई, कारण मालागणिक ती बदलत असे. नव्या एककाला तो प्रश्न लागत नाही.

ज्या भागात ही मोजणी चालते, तो उरण तालुका पिढ्यान्‌पिढ्या भातशेती आणि मिठागरांचा. नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. भाताची खंडी व मिठाचा मण जेथे मोजला जाई, त्यांतील बरीचशी जमीन पुढे बंदर, गोदामे आणि पेट्यांचे तळ यांखाली गेली.

खंडी सर्वस्वी नाहीशी मात्र झाली नाही. मुंबईच्या कापूस बाजारात भाव आजही खंडीवर सांगितला जातो. ही खंडी सुमारे ३५६ किलोंची, म्हणजे ७८४ पौंडांची आहे. मुंबईच्या मणाने वीस नव्हे, तर अठ्ठावीस मण.