खातरजमा

डोंबिवलीसारख्या ठिकाणीं घर पाहावयास निघालेल्या गृहस्थास हल्लीं एक उपदेश सर्वांकडून ऐकावा लागतो : ‘कागदपत्रांची नीट खातरजमा करून घ्या.’ उपदेश रास्त आहे. परंतु ज्या शब्दानें तो केला जातो, त्याचा अर्थ पूर्वीं जवळजवळ उलट होता, हें मात्र सांगणाराच्या वा ऐकणाराच्या ध्यानीं येत नाहीं.

शब्दाचे दोन्ही घटक अरबी. आपल्याकडे तो फारशीच्या वाटेनें आला. ‘खातिर’ म्हणजे मन आणि ‘जमा’ म्हणजे गोळा झालेलें. अर्थात् पांगलेलें मन एके ठिकाणीं येणें, निश्चिंत होणें, ही खातरजमा. हिच्या उलट अवस्थेचें फारशी नांवही असेंच बोलकें आहे. ‘परेशान’ याचा मूळार्थ विखुरलेला. मौज अशी कीं, आपल्याकडेही नेमकें हेंच चित्र दिसतें. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्ताचे ‘विक्षेप’ सांगितले आहेत, म्हणजे मनाचें इतस्ततः फेंकलें जाणें. आणि आपण रोज उच्चारतों तो ‘समाधान’ हा शब्द धातूच्या अर्थानें ‘एकत्र आणून ठेवणें’ असाच आहे. काळजीनें मनुष्य पांगतो, हा अनुभव इराणांत आणि हिंदुस्थानांत सारखाच असला पाहिजे!

मराठी राज्याच्या पत्रव्यवहारांत खातरजमा पदोपदीं भेटते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजीमहाराजांनीं राज्यव्यवहारकोश रचवून घेतला व दरबारी यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी हा शब्द काहीं मराठींतून गेला नाहीं. त्याचें खरें स्थान कौलनाम्यांत. आमच्या या कल्याण प्रांताचेंच पाहा. १६५७ त महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली. १७३७ त ठाणें व १७३९ त वसई मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून जिंकली. १७८० त कल्याण इंग्रजांकडे गेलें. फौजा आल्या कीं रयत परागंदा होई आणि शेतें पडीक राहत. मग सरकारांतून कौल निघे : परत या, लागवड करा, सारा पहिल्या वर्षीं थोडा व पुढें क्रमाक्रमानें वाढता घेऊं, कांहीं उपसर्ग लागणार नाहीं, खातरजमा असों द्यावी. या क्रमवाढीच्या साऱ्यास इस्तावा म्हणत. दयाबुद्धीपेक्षां यांत वसुलाचा हिशेब अधिक होता, हें कबूल केलें पाहिजे. रयतेचें मन जमा झाल्यावांचून खजिन्यांत कांहीं जमा होत नसे. तथापि शब्द सरकारचा असे, आणि तो मोडल्यास नाचक्कीही सरकारचीच.

पुढें हें सारें क्रियापदांत बदललें. आधीं खातरजमा ‘असे’ किंवा ‘ठेवावयाची’ असे. मग वरिष्ठ मनुष्य दुसऱ्याची खातरजमा ‘करी’, म्हणजे त्यास निर्धास्त करी. शेवटीं आपली आपणच ती ‘करून घ्यावी’ असें झालें, आणि मनाची शांति जाऊन तपासणी तेवढी उरली. धाकटी बहीण ‘खात्री’ हिचीही गत बहुतेक तीच.

आतां डोंबिवलीकडे पुनः वळूं. या परिसरांत बनावट परवानग्या सादर करून रेरा प्राधिकरणाची नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारतींचें प्रकरण सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्या पाडण्याचा आदेश दिला. नोंदणीवर विसंबून, कर्ज काढून ज्यांनीं तेथें संसार मांडले, त्यांनीं खातरजमा केली नव्हती असें कोणत्या तोंडानें म्हणावें? सामान्य माणसानें जें प्रमाणपत्र पाहावें असें सांगितलें जातें, तें प्रमाणपत्र तेथें होतें. त्यामागची परवानगी खोटी आहे हें ओळखण्याचें साधन कारकुनी वा शिक्षकी करणाऱ्या गृहस्थाजवळ कोठून असणार?

अशा प्रकरणांत न्यायालयांतून चार दिवसांची मुदत मिळाली, तरी वृत्तपत्रें ‘रहिवाशांना दिलासा’ असा मथळा देतात. दिलासा हाही फारशीच शब्द, आणि रयतेच्या जुन्या कागदांत तो खातरजमेच्या शेजारींच आढळतो.