मोबाइलच्या चित्रणातले सरकते पट्टे

वर्गात ट्यूबलाइटखाली एखाद्या प्रयोगाचे मोबाइलवर चित्रण करताना पडद्यावर कधी कधी काळपट आडवे पट्टे सरकताना दिसतात. दिवा बिघडलेला नसतो आणि मोबाइलही नाही. या पट्ट्यांचा इतिहास दूरचित्रवाणीच्या जन्माइतका जुना आहे.

२ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रसारण सुरू केले. सेकंदाला किती चित्रे दाखवायची? बोलपट तोवर २४ चित्रांवर स्थिरावला होता. पण दूरचित्रवाणी संच घरातल्या विजेवर चाले आणि त्या काळच्या संचांत प्रत्यावर्ती प्रवाहाचा थोडा अंश चित्रात मिसळे. चित्रांचा वेग आणि विजेची आवर्तने यांचा मेळ नसेल, तर पडद्यावर एक पट्टा सरकत राही. मेळ असेल, तर तो जागीच थांबे आणि डोळ्यांना फारसा खुपत नसे. ब्रिटनमध्ये वीज ५० हर्ट्झची, म्हणून तेथे सेकंदाला २५ चित्रे ठरली. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, म्हणून तेथील १९४१ च्या मानकात ३० चित्रे आली.

भारतातील वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी आली, ती २५ चित्रांची. मोबाइल मात्र जगभर विकायचा. त्यात सहसा ३० चित्रांचा वेग आधीच ठरवलेला असतो. म्हणजे अमेरिकेतील वीजकेंद्रांचा आकडा आपल्या खिशात आला!

दुसरे कारण संवेदकात आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतराळयानांसाठी छोटा, कमी वीज खाणारा सीमॉस संवेदक विकसित केला. त्याचेच वंशज आज मोबाइलमध्ये आहेत. ते सहसा संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपत नाहीत, तर ओळीमागून ओळ टिपतात.

आता ट्यूबलाइटकडे पाहू. ५० हर्ट्झच्या प्रवाहाच्या प्रत्येक आवर्तनात दोन अर्धे असतात. त्यामुळे साध्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटरचा काळ १/६० सेकंद असेल, तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला १.६७ चढउतार येतात. काही ओळींना जास्त उजेड मिळतो, काहींना कमी, आणि पट्टे उमटतात. तोच काळ १/५० सेकंद केला, तर प्रत्येक ओळीला पुरते दोन चढउतार मिळतात. १/१०० केला तर पुरता एक. पट्टे नाहीसे होतात. त्यातच २५ चित्रांचा वेग निवडला, तर दर चित्रात बरोबर चार चढउतार बसतात आणि उरलासुरला पट्टाही सरकत नाही.

ज्या मोबाइलमध्ये शटरचा काळ हाताने ठरवता येतो, त्यावर विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. ट्यूबलाइटच्या उजेडातली पांढरी भिंत आधी १/५० आणि मग १/१००० सेकंदाने चित्रित करावी. दुसऱ्या चित्रणातले एका चित्रातील काळे पट्टे मोजून त्या संख्येला १०० ने भागावे. आपला संवेदक वरपासून खालपर्यंत एक चित्र किती सेकंदांत टिपतो, ते जवळपास कळेल. शेवटी तीच भिंत दिवसाच्या उजेडात १/१००० सेकंदाने चित्रित करावी आणि पट्टे का गेले, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.