मुठेच्या पाटाचे वाटेकरी

पुण्याच्या नैर्ऋत्येला खडकवासल्याजवळ मुठा नदी अडवून ब्रिटिशांनी दगडी धरण बांधले. फाइफ या लष्करी इंजिनिअरच्या योजनेप्रमाणे उभे राहिलेले हे धरण १८७९च्या सुमारास पुरे झाले. शहराला आणि पुणे-खडकीच्या छावण्यांना पिण्याचे पाणी देणे आणि हडपसर, मांजरी, लोणीच्या पुढपर्यंतची कोरडवाहू जमीन भिजवणे, हे दोन्ही हेतू त्यामागे होते. म्हणजे एकाच पाण्याला सुरुवातीपासूनच दोन धनी होते.

शेतकऱ्यांनी पाटाचे पाणी लगेच आपलेसे केले नाही. पाऊस बरा झाला की पाणीपट्टी भरून पाणी घ्यायला कुणी फारसे पुढे येत नसे. अवर्षणात मात्र सर्वांना ते एकाच वेळी हवे असे. या कारभारावर जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये कोरडे ओढले. प्रत्येकाला जमिनीच्या गरजेइतके पाणी मिळावे म्हणून तोट्या बसवाव्यात आणि माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालावेत, असे त्यांचे म्हणणे होते. मांजरीला स्वतःची शेती असलेला आणि बांधकामाचे ठेके घेतलेला हा माणूस हवेत बोलत नव्हता.

पुढे पाटाखाली ऊस आला आणि प्रश्न उलटा झाला. उसाला बारमाही पाणी लागे, पैसाही तोच देई. पाटाच्या वरच्या अंगाचे बागाईतदार भरपूर पाणी घेत, शेवटच्या टोकाला चारी कोरडी राही. निचरा नसलेल्या काळ्या जमिनी पाझराने दलदलीच्या आणि चोपण होऊ लागल्या. नीरा नदीच्या डाव्या कालव्याखाली, बारामतीकडे, हे नुकसान फार ठळक दिसले.

१८९९मध्ये पुण्यात आलेले इंजिनिअर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पाणी पाळीने देण्याची पद्धत घातली. बागाईतदारांनी तिला कडाडून विरोध केला. मनाला येईल तेव्हा पाणी घेण्याची सवय मोडत होती, हे त्यामागचे खरे कारण. त्यानंतर त्यांनीच आणली ब्लॉक पद्धत. ठरावीक पट्ट्यातला साधारण तिसरा हिस्सा उसाला द्यायचा आणि उरलेल्या जमिनीत कमी पाण्याची पिके फिरती ठेवायची, असा तिचा गाभा. गावच्या जमिनीचे फड पाडून त्यांत पिके फिरती ठेवणाऱ्या नाशिक-खानदेशातल्या जुन्या फड पद्धतीशी तिचे नाते उघड आहे, आणि विश्वेश्वरय्यांची आरंभीची नोकरी त्याच मुलखात झाली होती. पाणी कमी पडणे आणि जमीन नासणे या दोन्हींवर एकच उपाय योजणारी ही पद्धत त्या काळातली सर्वांत शहाणी व्यवस्था म्हणावी लागेल. सिंचनाच्या अशाच प्रश्नांसाठी १९१६मध्ये सुरू झालेल्या कक्षातून खडकवासल्याची आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था वाढली.

१२ जुलै १९६१ रोजी वरच्या अंगाचे पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचे धरणही गेले. नव्याने बांधलेल्या धरणातून निघालेला उजवा कालवा इंदापूरपर्यंत पोहोचला. पण शहर त्याहून वेगाने वाढले. आता कालव्याच्या पाण्याचे आवर्तन कधी आणि किती, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. शहराचे सांडपाणी प्रक्रिया करून मुंढव्याहून ‘बेबी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या कालव्यात सोडले जाते, आणि त्याच्या दर्जाबद्दल कालव्याकाठच्या शेतकऱ्यांची तक्रार कायम आहे.